कमरेखालचे मौन

साठी उलटलेले चार पुरुष एकत्र बसले की दुखण्यांची पंगत बसते. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाच्या हृदयाची अँजिओप्लास्टी. औषधांची नावे आणि डॉक्टरांची कीर्ती अगदी कौतुकाने सांगितली जाते. एका दुखण्याचे पान मात्र या पंगतीत कधीच मांडले जात नाही, ते म्हणजे लघवीवरचा ताबा सुटणे. शिंकताना, खुर्चीतून उठताना, पोते उचलताना थेंब गळतो. किंवा लघवी लागली की मोरीपर्यंत पोचेतो दम निघत नाही.

हे दुखणे मी बँकेच्या काउंटरमागून ओळखायला शिकलो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला निवृत्तिवेतनधारकांची रांग लागे. काही जण पिशवी शेजाऱ्याच्या हाती देऊन घाईघाईने बाहेर जात. शाखेत ग्राहकांसाठी मुतारी नव्हती. एक निवृत्त गुरुजी तिसऱ्यांदा असे गेले ते परतलेच नाहीत. दाखला मग त्यांच्या मुलाने घरी बोलावून घेतलेल्या माणसाकरवी झाला. ‘पायात गोळे येतात,’ असे कारण गुरुजींनी सांगितले होते.

दुखणे थेंबाचे असले तरी त्यापायी आयुष्य आक्रसते. अकोल्याची एस.टी. नको वाटते, लग्नात पंगतीऐवजी दाराजवळची खुर्ची शोधली जाते. शेगावची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते; वर्षानुवर्षे तिच्यासोबत चार मुक्काम चालणारा माणूस एखाद्या वर्षी नुसता रस्त्याच्या कडेला हात जोडून उभा दिसतो. कपडे पाक राहत नाहीत म्हणून मशिदीत जाणे कमी केलेले एक स्नेही मला माहीत आहेत. (अशा आजाऱ्याला धर्मशास्त्राने सवलत दिली आहे, हे त्यांना मौलवींनीच सांगितले, पण त्यासाठी आधी मौलवींना विचारावे लागले!) एका शेतकरी मित्राने मला एवढेच सांगितले, ‘काय सांगू भाऊ, चारचौघांत बसाले भेव वाटते.’ घरात हे फक्त बायकोला ठाऊक असते, कारण चादरी ती धुते. तीही बोलत नाही.

‘वय झाले, चालायचेच,’ हे आपले ठरलेले उत्तर मला मान्य नाही. यातल्या बऱ्याच जणांना उपचार आहे, आणि तो फिजिओथेरपिस्टकडे आहे, हे आपल्या गावांत फारसे कुणाला माहीतच नाही. फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याला शेक आणि लकवा झालेल्या हाताला व्यायाम, अशी आपली समजूत आहे.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघा अधिकाऱ्यांकडे एकेक. पुरुषाच्या मूत्रमार्गालाही असे दोन पहारे आहेत. एक मूत्राशयाच्या तोंडाशी. तो आपल्या हुकमाविना चालतो. दुसरा प्रोस्टेट ग्रंथीच्या खाली. तो आपल्या इच्छेने आवळता येतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत वरच्या पहाऱ्याला धक्का लागतो आणि सगळा भार खालच्यावर येतो. त्याच्या मदतीला माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. जन्मभर त्यांच्याकडे लक्ष दिलेले नसते, पण दंडाच्या स्नायूंसारखे तेही कमावता येतात.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर त्रास होणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांची पाळी पुष्कळ उशिरा आली. गुडघे वाकवून उताणे पडायचे आणि वारा रोखून धरावा तसे आतले स्नायू वर खेचायचे. इंद्रियाचे मूळ आत ओढले गेले आणि वृषण किंचित वर उचलले गेले की नेम बरोबर लागला. श्वास रोखायचा नाही, ढुंगण किंवा मांड्या आवळायच्या नाहीत. सुरुवातीला दोन-तीन सेकंद, वाढवत दहापर्यंत. तितकाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पुढे हेच बसून, उभ्याने करायचे आणि खोकण्याआधी, ओझे उचलण्याआधी आवळायची सवय लावायची. लघवी करता करता मध्येच थांबवून सराव मात्र करू नये. ज्यांना लघवीनंतर विजारीत थेंब पडतात त्यांनी वृषणाच्या मागे बोटांनी दाबत पुढे आणले तर नळीत अडकलेले थेंब तिथेच निघून जातात. फार घाई होणाऱ्यांना दोन वेळांमधले अंतर थोडे थोडे वाढवायला शिकवतात. पाणी तोडणे हा आपल्याकडचा लाडका उपाय उलटा पडतो. लघवी गडद होते आणि मूत्राशय अधिकच चिडते.

योगाभ्यासी वाचक म्हणतील, हा तर आमचा मूलबंध! नाते जवळचे आहे खरे. पण नेमका कोणता स्नायू आवळला जातो आहे हे तपासून सांगणारा कुणीतरी लागतो. बरेच जण पोटच आवळत बसतात.

गुण किती येतो? बेल्जियममधील लूवेन येथील अभ्यासात (२०००) प्रोस्टेट काढलेल्या रुग्णांपैकी व्यायाम शिकवलेले ८८ टक्के तीन महिन्यांत कोरडे झाले, न शिकवलेले ५६ टक्के. उलट ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात (२०११) वर्षअखेर समोर बसवून शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या रुग्णांत फारसा फरक दिसला नाही. हिशेबनीस माणूस म्हणून मला दोन्ही आकडे ठेवणे भाग आहे. पण तिथे न शिकवलेल्या गटातलेही अनेक पुरुष आपापल्या परीने हे व्यायाम करतच होते. आपल्याकडे ते कानावरही येत नाहीत. शिवाय वर्षभराने आपोआप बरे होणाऱ्यालाही मधले नऊ महिने घरात कोंडून काढायचे नसतात.

एक इशारा मात्र हवा. धार बारीक झालेली, ओटीपोट फुगलेले आणि वरून सतत गळती, अशी अवस्था असेल तर मूत्राशय तुंबून सांडते आहे. तिथे व्यायामात दिवस घालवणे घातक. लघवीत रक्त, ताप, पायांतली शक्ती जाणे, यांतही आधी डॉक्टर.

मुंबईच्या के.ई.एम.मध्ये १९५०च्या दशकाच्या आरंभी पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर हे शिक्षण सुरू झाले. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय अपेक्षित आहे. वाशिम १९९८ साली स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा ही सोय मागण्याचा हक्क आपलाही आहे. पण मागणार कोण? फिजिओथेरपिस्ट बहुधा पंचवीस-तिशीतली मुलगी असते. आपल्या नातीच्या वयाच्या मुलीसमोर हे बोलायचे म्हटल्यावर आमचा पुरुषार्थ दारातूनच माघारी फिरतो. खरे तर पहिल्या भेटीत प्रश्नच अधिक असतात, आणि तपासणी लागली तर ती विचारून, संमतीनेच व्हायला हवी.

यात शल्यविशारदांचाही वाटा आहे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर हाती येणाऱ्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात, टाके असले तर ते काढायची तारीख असते. त्याच कागदावर, शस्त्रक्रियेच्या आधीच, हे व्यायाम चार ओळींत मराठीत छापून द्यावेत. मोठ्या अक्षरांत, आमचे चष्मे जुने असतात.