पेटीतली वीज : दाम दोनदा का मोजायचे?



बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत भरलेली 'पॉवर स्टेशन' आता बाजारात आली आहेत. पेटीवर ठळक छापतात ते वॅट. पेटी एका वेळी किती भार ओढेल, एवढेच ते सांगतात. किती वेळ ओढेल, हे वॅट-तासांवरून कळते. कापूस क्विंटलवर विकतो, गाठोड्याच्या आकारावर नाही. वीजही मोजूनच घ्या.

१००० वॅट-तास म्हणजे एक युनिट. त्यातला १०-१५ टक्के भाग इन्व्हर्टरच खातो. उरलेल्यावर ७५ वॅटचा पंखा आणि ९ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ तास चालतील. विहिरीवरची ३ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार त्यावर फिरणार नाही. कोणी फिरेल म्हटले तर ती थाप समजा.

शिशाच्या बॅटरीचा इन्व्हर्टर स्वस्त, दुरुस्तीही जवळपास होते. पण बॅटरी रोज तळापर्यंत उपसली की लवकर मरते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट महाग, पण हजारो वेळा भरता येते. नुसती किंमत पाहू नका. आयुष्यभरात किती युनिटे देईल, त्याने भागा.

आणि मुख्य हिशेब विसरू नका. ग्राहक हक्क नियम २०२० प्रमाणे वितरण कंपनीने घराला २४ तास वीज द्यायची आहे. तास कमी करण्याची पळवाट ठेवली, ती शेतीसारख्या ग्राहकांसाठी! म्हणजे घरातल्या अंधाराला नियमाचाही आधार नाही. पेटी घ्यायची तर घ्या. पण वीज गेल्याचे तास रोज लिहा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. आपल्या पेटीने त्यांची जबाबदारी फिटत नाही.