अळी दिसली की मारायचीच?

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा. पण हे मराठीतच लिहायला हवं, कारण हुकूम मी मराठीतच सोडला होता.

माझा मामा न्यू जर्सीत राहतो. त्याच्याकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात कोरल्स. (आपल्याकडे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, तेव्हा मालवणहून उचलून आणायचे बेत नकोत!) एका रात्री त्याने टॉर्च मारला तर दगडाच्या फटीतून बोटभर गुलाबी अळी बाहेर आलेली, दोन्ही बाजूंना पांढरे केस. व्हिडिओ कॉलवर बघताच मी ओरडले, "ईऽऽ! मामा, मारून टाक!" त्याने तांबं असलेलं औषध ओतलं. अळ्या मेल्या, गोगलगायी मेल्या, सगळं सडून अमोनिया वाढला आणि चार वर्षं जपलेली कोरल्सही गेली.

मग मी वाचायला बसले. सबमिशनसारखंच, उशिरा! ती साधी ब्रिसल वर्म होती. उरलंसुरलं आणि मेलेलं खाऊन टँक साफ ठेवणारी. हात लावला तर केस टोचतात, एवढाच तिचा गुन्हा. काचेवर चकलीसारखे पांढरे ठिपके दिसतात तेही वर्म्सच, पाणी गाळून खाणारे, निरुपद्रवी.

खरे चोर असतात, नाही कोण म्हणतं? ॲक्रोपोरा कोरल खाणारा चपटा वर्म कोरलच्या रंगात इतका मिसळून जातो की त्यावर बसलेला सहसा दिसतच नाही. दिसतात ते त्याने खाल्लेले गोल फिके डाग आणि फांदीच्या बुडाशी तपकिरी अंडी. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूक्वेच्या मत्स्यालयात कोरल्स कुरतडली जात होती. टँक उपसला तेव्हा चार फुटी वर्म निघाला!

म्हणून माझं मत असं, की आधी अळीचं तोंड नाही, कोरलवरचा घाव बघा. घावच नसेल तर औषध कशाला? मामी म्हणते, "रिस्क कशाला? सगळेच मारावेत." पण औषधाला चोर-साव कळत नाही. संशयिताला चिमट्याने उचलून वेगळ्या बरणीत ठेवता येतं की.

मामाने टँक पुन्हा लावलाय. काल त्याचा फोन आला, "अगं, नवीन दगडावर काहीतरी वळवळतंय."

मी म्हटलं, "थांब, कॅमेरा जवळ ने."