मोजणीपूर्वीची एकजूट

ठाण्यातील ‘शाआर हाशामाईम’ हे बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेला. पेणकर, रोहेकर अशी गावाची नावे आडनावात जपणाऱ्या या मराठी ज्यूंना इस्रायलमध्ये मात्र धर्मपीठानेच दाराशी अडवले. विवाहापूर्वी त्यांची वंशावळ तपासावी, असा आदेश १९६२ मध्ये तेथे निघाला. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. संख्येने अल्प असलेल्या समाजाचा हा विजय एकदिलाचा होता.

एकजूट मोडली की काय होते, हेही त्याच देशात दिसले. तेथे संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ. संसदेच्या १२० जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. २०१४ मध्ये प्रवेशासाठी किमान सव्वातीन टक्के मतांची अट आली. ‘शास’ या धर्मनिष्ठ पक्षाचे आध्यात्मिक नेते रब्बी ओवाडिया योसेफ २०१३ मध्ये निवर्तले आणि पक्षातील दुही चव्हाट्यावर आली. एली यिशाई वेगळे झाले. २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या यादीला २.९७ टक्के मते पडली, जागा एकही नाही. ‘शास’देखील ११ वरून ७ वर आला. सुमारे सव्वा लाख मते वाया गेली.

याउलट ‘अगुदात यिस्राएल’ आणि ‘देगेल हातोरा’ या पक्षांचे रब्बी निराळे, परंपराही निराळ्या. तरीही १९९२ पासून ते संयुक्त यादीवर लढत आले. मतभेद मिटले नाहीत; मतपेटीपुरते आवरले गेले.

धर्मगुरूच्या आज्ञेने मत द्यावे काय, हा आक्षेप रास्तच आहे. धर्मपीठही चुकते, हे १९६४ ने दाखवले. म्हणून मार्गदर्शन कोणाचेही असो, विवेक मतदाराचाच हवा. परंतु विवेकाच्या नावाखाली घरी बसणे हा विवेक नव्हे. इस्रायलमध्ये २०२२ साली ७० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये ते सुमारे ४५ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ५० टक्के होते. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेचा पायंडा १९९९ मध्ये पाडणारी डोंबिवली याच मतदारसंघात येते. यात्रेतली गर्दी डोळ्यांत भरते. पण निकाल ठरतो तो मतदान केंद्रापर्यंत पोहोचलेल्यांवरून.