विश्लेषण : एचआयव्ही लसचाचणीत भाग घेतल्यास संसर्ग होतो का?

ठाणे : दरवर्षी १८ मे रोजी एचआयव्ही लस जागृती दिन पाळला जातो. लस अद्याप बाजारात नाही. मग जागृती कशाची? कोपरीहून काही तासांवर असलेल्या भोसरीत २००५ मध्ये झालेल्या चाचणीतून त्याचे उत्तर मिळते.

भोसरीत काय झाले?

राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (नारी) फेब्रुवारी २००५ मध्ये देशातील पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली. ३० निरोगी स्त्री-पुरुष स्वयंसेवकांना लस देण्याचे ठरले होते. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारातील एचआयव्हीच्या जनुकांचे काही भाग एका निरुपद्रवी विषाणूत घालून ती बनवली होती. लस सुरक्षित ठरली. मात्र प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद तोकडा पडला.

लशीमुळे संसर्ग होतो?

नाही. अशा लशीत संपूर्ण एचआयव्ही नसतो आणि काही भागांपासून तो तयार होत नाही. अडचण वेगळी आहे. लशीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि नेहमीची चाचणी प्रतिपिंडेच शोधते. त्यामुळे संसर्ग नसतानाही अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. रक्तदान, नोकरी किंवा लग्नाच्या वेळी हा कागद स्वयंसेवकाला महागात पडू शकतो. खरी स्थिती कळण्यासाठी थेट विषाणूचा शोध घेणारी चाचणी करावी लागते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढे माहीत असले, तरी स्वयंसेवकावर संशय घेतला जाणार नाही.

लस अजून का नाही?

एचआयव्ही सतत रूप बदलतो आणि माणसाच्या पेशींतील जनुकांत दडून बसतो. थायलंडमध्ये १६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांवरील चाचणीत संसर्गाचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्याच धर्तीवरील दक्षिण आफ्रिकेतील चाचणी मात्र परिणाम दिसत नसल्याने २०२० मध्ये थांबवावी लागली.

तोपर्यंत काय?

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘लेनाकापाविर’ हे इंजेक्शन लस नसून औषध आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आफ्रिकेतील चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. कंडोम आणि वेळेवर तपासणी हे उपाय आजही हाताशी आहेत. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी मोफत होते आणि अहवाल गोपनीय राहतो. माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. एचआयव्हीबाधितांशी नोकरी, शिक्षण किंवा उपचारात भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.