‘कावा’ म्हणजे कपट काय?

खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडीचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित मंडळींस एक चमत्कारिक संकोच वाटूं लागतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजीमहाराजांनीं शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान यास येथें कोंडून शरण आणिलें, हें सर्वांस मान्य. परंतु हा जय ‘गनिमी काव्या’चा, म्हणजे कपटाचा, सबब मैदानी लढाईहून उणा, असें हळूच सुचविण्यांत येतें. हें मत आम्हांस सर्वस्वी अग्राह्य वाटतें.

प्रथम शब्दच पाहावा. कावा म्हणजे घोड्यास वर्तुळांत फेर देणें. कपट हा त्याचा लाक्षणिक अर्थ. गनीम म्हणजे शत्रु. मराठ्यांस हें नांव मोगलांनीं दिलें. शत्रूनें ठेविलेल्या नांवावरून आपल्या पराक्रमाची किंमत ठरविणें, हें कोठलें शहाणपण?

युरोपचे दाखले देणारांनीं ग्रीकांचा ‘लोखोस’ हा शब्द तपासावा. होमरच्या काव्यांत त्याचा अर्थ दबा. ट्रॉयच्या लाकडी घोड्यासही तोच शब्द लाविलेला आहे. पुढें झेनोफनच्या लेखनांत तो शंभर शिपायांच्या तुकडीस लागला, थीब्समध्यें तीनशें वीरांच्या ‘पवित्र पथका’स मिळाला, व नंतरच्या युद्धशास्त्रकारांनीं एकामागें एक उभ्या राहणाऱ्या सोळा जणांच्या रांगेस दिला. दबा आणि पलटण यांस एकच शब्द योजतांना ग्रीकांस लाज वाटली नाहीं. उलट ‘इलियड’मधील इडोमेनेउस म्हणतो कीं, शूर कोण व भित्रा कोण याची खरी पारख दब्यांतच होते, भित्र्याच्या तोंडाचा रंग तेथें पालटतो!

आतां उंबरखिंडीकडे वळूं. कुरवंड्याच्या घाटानें कोंकणांत उतरणारें मोगली सैन्य, अरुंद वाट, दुतर्फा दाट रान. अशा जागीं शत्रूची फौज पुरती आंत येईपर्यंत निश्चल राहणें हें मैदानावर घोडा फेंकण्याइतकेंच कठीण. शरण आलेल्या सैन्याचा माल घेऊन महाराजांनीं त्यास जिवंत जाऊं दिलें, ही हकीकत परमानंदाच्या ‘शिवभारता’वरून कळते. अभय देऊन तें मोडणें, याचें नांव कपट. येथें तर दिलेलें अभय पाळलें गेलें!

कोणी म्हणेल, हा नुसता शब्दांचा कीस आहे. तसें नव्हे. ज्या शब्दांनीं आपण मुलांस इतिहास शिकवितों, त्याच शब्दांनीं तीं पूर्वजांचें मोजमाप करितात. तें माप खोटें असूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.