मद्याचा महसूल तिजोरीत, मूल आजीच्या पदरात

१९०८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. प्रजेला दारू पाजून मिळवलेल्या पैशावर राज्य चालवण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला, हा प्रश्न त्या चळवळीच्या मुळाशी होता. त्याआधी १८८० मध्ये महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविषयी तीव्र आक्षेप नोंदवला होता. दोघांचे मार्ग भिन्न होते, या एका विषयात मात्र दोघांचा कौल एकच होता. परके सरकार गेले. स्वकीयांचे सरकार आले. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. आज त्याच राज्याच्या अर्थसंकल्पात मद्य हा उत्पन्नाचा एक मोठा आधार होऊन बसला आहे.

या विषयावरची आपल्याकडील चर्चा दोन शब्दांपलीकडे जात नाही : महसूल आणि व्यक्तिस्वातंत्र्य. पिणारा प्रौढ आहे, पैसा त्याचा आहे, मग इतरांनी नाक का खुपसावे, असा तथाकथित उदारमतवाद्यांचा सवाल असतो. ज्याने पेला उचलला त्याचे स्वातंत्र्य क्षणभर मान्य करू. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने कोणता पेला उचलला होता? तिची शाळा सुटते, तिच्या आईच्या अंगावर वळ उठतात, घरातले भांडे-कुंडे गुत्त्यावर गहाण पडते, यांपैकी कोणत्या गोष्टीला तिची संमती होती?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे, असे त्यात नोंदवले आहे. मद्यावर पूर्णपणे अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाली. हे पिणाऱ्यांचे आकडे झाले. त्यांच्या घरात वाढणाऱ्या मुलांची गणना कोणत्या रकान्यात करायची?

कायद्याच्या नजरेतून निसटलेले घर

२०१५ चा बाल न्याय अधिनियम या मुलांना अगदीच विसरलेला नाही. पालक मुलाची काळजी घेण्यास अपात्र किंवा असमर्थ आहेत असे बालकल्याण समितीला आढळले, तर ते मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. त्याला २४ तासांच्या आत समितीपुढे उभे करावे लागते. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करावी आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी कालमर्यादा आहे. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे तत्त्वही अधिनियमातच लिहिले आहे. कागदावर याहून शहाणपणाचे काय असणार?

पण वर्षानुवर्षांचे व्यसन चार महिन्यांच्या मुदतीत सुटत नाही. समितीपुढे मग दोनच वाटा उरतात. मुलाला बालगृहात ठेवायचे, नाहीतर त्याच घरी परत पाठवायचे. बाप तोच, गुत्ता तोच, फक्त मूल चार महिन्यांनी मोठे झालेले. बापाच्या उपचाराची जबाबदारी एका खात्याची, मुलाच्या संगोपनाची दुसऱ्या खात्याची आणि मद्यपरवान्याची तिसऱ्या खात्याची. यांत वेळच्या वेळी पैसे मोजून घेतले जातात ते फक्त तिसऱ्या खात्यात.

आणि तरीही हा समाज उभा आहे, तो कोणाच्या बळावर? आजीच्या, मामाच्या, थोरल्या काकूच्या. व्यसनी बापाची बहुसंख्य मुले समितीपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण कोणीतरी सख्खे माणूस त्यांना मुकाट्याने पोटाशी धरते. धुणीभांडी करणारी साठीची बाई दोन नातवंडांची शाळा सांभाळते आणि याला ‘योजना’ म्हणतात हे तिच्या गावीही नसते. हिंदू कुटुंबव्यवस्थेवर परिसंवाद झोडणाऱ्यांनी आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी, दोघांनीही या बाईकडे एकदा पाहावे. ती व्यवस्था आज तिच्या खांद्यावर आहे.

या बाईला कायदा काय देतो? अधिनियमाच्या ४५ व्या कलमात प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल कुटुंबातच राहावे यासाठी आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. ‘मिशन वात्सल्य’खाली ही रक्कम दरमहा ४००० रुपये आहे. पात्रतेच्या निकषांत विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईची मुले, विस्तारित कुटुंबात राहणारी अनाथ मुले, पालकांना जीवघेणा आजार असणे आणि अपघातामुळे आलेली असमर्थता यांची नावे घेतलेली आहेत. व्यसनाचे नाव त्यांत नाही. बाप अपघाताने लुळा पडला तर कलम त्याच्या मुलाला ओळखते. तोच बाप दारूने लुळा पडला, तर कलमाच्या शब्दांत त्या मुलाला थेट जागा नाही. दारू पिऊन तो मेल्यावर मात्र त्याची बायको विधवा ठरते आणि मूल निकषात बसते! साहाय्यासाठी बापाच्या मरणाची वाट पाहायला लावणाऱ्या या व्यवस्थेला कल्याणकारी म्हणायचे काय?

अमेरिकेने मोजलेली किंमत

या दुर्लक्षाचा शेवट कुठे होतो हे पाहायचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. १९९६ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ नावाची अफूवर्गीय वेदनाशामक गोळी तेथे बाजारात आली. कंपनीने तिचा धडाक्याने प्रचार केला, नफा कमावला आणि पुढे २००७ व २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर व्यसनाची लाट घरोघरी शिरली होती. २०१२ मध्ये तेथील शासकीय प्रतिपालन व्यवस्थेत, म्हणजे ‘फॉस्टर केअर’मध्ये, सुमारे ३ लाख ९७ हजार मुले होती. २०१७ मध्ये ती संख्या सुमारे ४ लाख ४३ हजारांवर गेली. त्या वर्षी घरातून काढलेल्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक प्रकरणांत पालकांचे अमली पदार्थांचे व्यसन हे एक कारण म्हणून नोंदलेले होते.

१९९७ च्या कायद्याने तेथे नियम घातला होता, की मूल २२ पैकी १५ महिने शासकीय देखरेखीत राहिले तर, काही अपवाद वगळता, पालकांचे हक्क संपुष्टात आणण्याची कारवाई सुरू व्हावी. व्यसनाशी झुंजणाऱ्या आईला हे महिने पुरत नाहीत. मूल एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहते. अखेर २०१८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि मूल घरातून काढण्यापूर्वीच पालकांच्या व्यसनोपचारावर केंद्रीय निधी खर्च करण्याची वाट मोकळी केली. आज तेथील प्रतिपालनातील सुमारे एक तृतीयांश मुले नातेवाइकांकडेच ठेवलेली असतात. अफाट पैसा आणि असंख्य तज्ज्ञ खर्ची घालून ती महासत्ता आजीच्या दाराशी येऊन थांबली. आपल्याकडे आजी आधीपासूनच दारात उभी आहे, आणि आपण तिला रिकाम्या हाताने परत पाठवत आहोत.

सरकार आपले असले तरी

चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली. महाविकास आघाडी सरकारने मे २०२१ मध्ये ती उठवली. अवैध दारू, वाढते गुन्हे आणि बुडालेला महसूल हेच शब्द तेव्हा गाजले. जानेवारी २०२२ मध्ये त्याच सरकारने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन विकण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी शेतकऱ्याला पुढे केले. त्या वेळी या निर्णयाविरुद्ध रान उठवणाऱ्यांत राष्ट्रीय विचाराचे कार्यकर्ते आघाडीवर होते, आणि ते योग्यच होते.

मग जून २०२५ चे काय? महायुती सरकारच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांच्या अतिरिक्त महसुलाची अपेक्षा धरली. ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा मद्यप्रकारही त्याच बैठकीत जन्माला घातला. शुल्क वाढले तर दारू महागते, हे खरे. पण वाढीव पैशाची अपेक्षा धरणारे शासन लोकांनी पिणे सोडावे अशी प्रार्थना कशी करील? बहिणीच्या खात्यात पैसे जमा करायचे आणि मेहुण्याच्या खिशातून ते गुत्त्यावाटे परत घ्यायचे, हा व्यवहार सरकार आपले आहे म्हणून पवित्र होत नाही.

उद्या सरसकट दारूबंदी करा, अशी सोपी घोषणा आम्ही देत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. शासकीय आदेशाला लोकसंघटनेची जोड नसेल तर बंदी टिकत नाही, हाच तेथील धडा आहे. पण तीन गोष्टींसाठी कोणत्याही क्रांतीची गरज नाही. पालकाचे व्यसन हा प्रायोजकत्वाचा स्वतंत्र निकष म्हणून कायद्यात लिहावा. मद्य महसुलाचा ठरावीक हिस्सा अर्थसंकल्पातच बाजूला काढून तो व्यसनी पालकांची मुले सांभाळणाऱ्या नातेवाइकांना आणि जिल्हावार व्यसनमुक्ती केंद्रांना द्यावा. आणि बालकल्याण समितीपुढे आलेल्या अशा प्रत्येक प्रकरणात मुलाच्या आदेशाबरोबर पालकाच्या उपचाराची व्यवस्थाही बांधून द्यावी.

उरलेले काम समाजाचे, म्हणजे आपले. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आहे. ते केवळ सुखवस्तू घरांतील एकत्र भोजनापुरते राहिले, तर त्याला प्रबोधन म्हणता येणार नाही. प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीत व्यसनी बापाची किती मुले कोणाकडे वाढत आहेत, याची यादी करावी. त्या आजीचा अर्ज भरून द्यावा, तिच्यासोबत समितीपुढे उभे राहावे आणि अर्ज फेटाळला गेला तर मंत्र्यांच्या दारात जावे. ते मंत्री आपले असतील तर अधिक हक्काने जावे.