विलगीकरण आणि शेजारधर्म

'विलगीकरण' हा शब्द सन २०२० पूर्वीं आपल्या बोलण्यांत क्वचितच येत असे. त्या वर्षाच्या मार्च महिन्यापासून मात्र तो लहान मुलांच्याहि तोंडीं रुळला. ता. २४ मार्चच्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली. एकवीस दिवसांची मुदत वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत गेली. आणि ज्याला रोग जडला किंवा रोग्याचा सहवास घडला, त्याला स्वतःच्याच घरांत आप्तांपासून दूर राहण्याची आज्ञा झाली. ता. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें ती जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. आतां त्या दिवसांविषयीं शांतपणें विचार करणें शक्य आहे, व तो करणें अवश्यहि आहे. कारण सांथ ही एकदांच येऊन कायमची निघून जाणारी पाहुणी नव्हे.

त्या काळाविषयीं लिहिणारे पुष्कळ लोक एकांताची थोरवी गातात. एकांतांत मनुष्य अंतर्मुख होतो, वाचन घडतें, चित्त स्थिर होतें, असें ते म्हणतात. न्यूटनचा दाखला तर हटकून दिला जातो. सन १६६५ मध्यें प्लेगमुळें केंब्रिजचें विद्यापीठ बंद पडलें; तेव्हां हा तरुण आपल्या गांवीं परतला, आणि तेथील निवांतपणांत त्यानें गणित, प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांविषयीं मूलगामी विचार केला. हें खोटें नाहीं. परंतु माझ्या मतें या स्तुतींत मुख्य गोष्ट निसटते. साधूचा एकांत स्वतःच्या उद्धारासाठीं असतो. रोग्याचें विलगीकरण दुसऱ्याच्या रक्षणासाठीं असतें. म्हणून खोलींत बसून किती पुस्तकें वाचलीं, यावरून त्याचें मोल ठरत नाहीं. आपल्यामुळें कोण आजारी पडला नाहीं, यावरून तें ठरतें. आणि हा हिशेब कोणालाहि मांडून दाखवितां येत नाहीं. ज्याचें फळ दिसत नाहीं असें हें कर्तव्य आहे, म्हणूनच तें कठीण आहे.

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांत मला स्वतःला हा अनुभव आला. आमच्या घरीं दोन खोल्या, एक स्वयंपाकघर व माणसें पांच. एक खोली मला दिल्यामुळें उरलेलीं चौघें दुसऱ्या खोलींत दाटीनें राहिलीं. ताप तीन दिवसांत उतरला; तथापि नियमाप्रमाणें पुढचे दिवस आंतच काढावयाचे होते. बोटाला लावण्याच्या यंत्रावर रक्तांतील प्राणवायूचा आंकडा दिवसांतून चार वेळां पाहावयाचा, आणि तो चौऱ्याण्णवच्या खालीं उतरल्यास रुग्णालय गांठावयाचें, अशी डॉक्टरांची ताकीद होती. आई दारापुढील स्टुलावर ताट ठेवी, दार वाजवी व मागें सरे. मग मी दार उघडीत असें. तो आंकडा वहींत टिपून मी मोठ्यानें सांगें, व पलीकडून कोणी तरी तो ऐकून 'बरें' म्हणे. विलगीकरण एकट्यानें करावयाचें असतें, हा माझा समज या दिवसांत पार गेला. एकटें राहण्यासाठीं मला चौघांची सोबत लागली.

शेजाऱ्यांचें वर्तनहि मीं खोलींतून पाहिलें. एक गृहस्थ रोज सकाळीं भाजी व औषधें आणून पिशवी आमच्या कडीला अडकवीत, घंटा वाजवून लगेच जिना उतरत. दुसऱ्या एका शेजाऱ्यानें दूधवाल्याला आमच्या मजल्यावर येण्यास मनाई केली, आणि आमच्या धाकट्याला, तो अगदीं निरोगी असतांनाहि, गच्चींतून हांकलून दिलें. पहिले गृहस्थ कांहीं निर्भय नव्हते. त्यांच्याहि घरीं वृद्ध माणसें होतीं, व ते तोंडावरचा रुमाल क्षणभरहि काढीत नसत. भीति दोघांना सारखीच होती. एकाच्या भीतीनें सावधपणा शिकविला, दुसऱ्याच्या भीतीनें निष्ठुरपणा.

हा फरक केवळ सौजन्याचा नव्हे. सांथ आटोक्यांत येते कीं पसरते, हें पुष्कळ अंशीं त्यावर अवलंबून असतें. आपला इतिहास याची साक्ष देतो. सन १८९६ मध्यें मुंबईस व पुढच्या वर्षीं पुण्यास प्लेगनें थैमान घातलें. सन १८९७ मध्यें सरकारनें साथरोगांचा कायदा केला. सन २०२० मध्येंहि त्याच कायद्याचा आधार घेण्यांत आला. त्या वेळीं पुण्यांत गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधूं लागले. रोग्यांस इस्पितळांत व त्यांच्या निरोगी आप्तांस वेगळ्या छावणींत नेऊं लागले. विलगीकरणाचें तत्त्व शास्त्रशुद्ध होतें, पण तें धाकानें व अपमानानें लादलें गेलें. परिणाम असा झाला कीं, लोक आपले रोगी लपवूं लागले. आणि लपविलेला रोगी हाच रोगाचा सर्वांत मोठा मित्र. त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्याच रोगानें ता. १० मार्च रोजीं त्यांचें देहावसान झालें. रोग्याला वेगळें ठेवणें व रोग्याला टाकणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, हें यावरून शिकावें.

सन २०२० मध्यें महाराष्ट्रांत घरीं विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारीत असत. हेतु चांगला होता. पण कांहीं ठिकाणीं तो शिक्का पाहून लोक त्या माणसाशीं गुन्हेगाराप्रमाणें वागले. आपल्या समाजांत अंतर राखण्याला विटाळाचा रंग चटकन चढतो, म्हणून आपण अधिक जपलें पाहिजे. रोगासाठीं राखलेल्या अंतराला शेवटची तारीख असते. तिरस्कारानें राखलेल्या अंतराला ती नसते.

आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. घरीं विलग राहण्यास एक वेगळी खोली, कांहीं दिवसांची भाकरी व दारापाशीं ताट ठेवणारें माणूस, एवढें तरी लागतें. दहा बाय दहाच्या खोलींत सहा माणसें राहत असतील, आणि रोजची मजुरी बुडाली कीं चूल विझत असेल, तर तेथें 'घरींच राहा' हा उपदेश पोकळ ठरतो. धारावींत, जेथें सुमारें दोन चौरस किलोमीटरांत लाखों लोक राहतात, महापालिकेला शाळा व सभागृहें यांमध्यें विलगीकरणाची सोय करावी लागली. जो विलग राहूं शकत नाहीं, त्याला दोष देण्यापूर्वीं आपण त्याला काय दिलें, हें विचारणें न्याय्य होय.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न केवळ मोठ्या सांथीचा नाहीं. गोवर, कांजिण्या, गालगुंड हे रोग आपल्या वर्गांत अधूनमधून येतात. कांजिण्यांच्या खपल्या धरेपर्यंत घरीं राहणारा मुलगा आळशी नसतो. तो तुमच्यासाठीं घरीं राहिलेला असतो. त्याला वहीची नक्कल पोंचवा, दुरून हांक मारा, आणि तो परत आल्यावर त्याच्या शेजारीं न कचरतां बसा. पालकांस विनंति अशी कीं, परीक्षा जवळ आली म्हणून तापलेल्या मुलाला औषध देऊन शाळेंत धाडूं नये. आणि शाळांनींहि एका जुन्या चालीचा फेरविचार करावा. वर्षभर एकहि दिवस न चुकणाऱ्या विद्यार्थ्यास आपण संपूर्ण हजेरीचें बक्षीस देतों. नियमितपणा हा सद्गुण खराच. परंतु सांसर्गिक रोग असतांना वर्गांत येऊन बसणें हा सद्गुण नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें घरीं काढलेले दिवस हजेरींतून वजा धरूं नयेत, असें मला स्पष्टपणें वाटतें. खरें बोलणाऱ्याचें नुकसान होत असेल, तर मुलें खरें बोलण्याचें सोडून देतील, आणि पुढच्या सांथींत त्याची किंमत आपणां सर्वांस मोजावी लागेल.